मेक्सिको शहराचा भूकंप आणि संघटित शेजार



भूकंपावर बोलावयाचे तर एखाद्या भूगर्भशास्त्रज्ञाला पाचारण करावयास हवे होते, कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला नव्हे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. ते रास्तच आहे. पृथ्वीच्या पोटात काय चालते हे मी पुस्तकांतूनच शिकलो, आणि तेही बऱ्याच उशिरा. परंतु भूकंपाचे दोन भाग असतात. जमीन हलते हा एक भाग, आणि डोक्यावरचे छप्पर खाली येते हा दुसरा. पहिल्या भागापुढे आपला काही इलाज चालत नाही. दुसऱ्या भागात मात्र इमारत कोणी बांधली, दाखला कोणी दिला, भाडे कोण भरतो, दुरुस्ती कोणाकडे आहे, कामाच्या वेळी जिन्याच्या दाराला कुलूप का असते, असे प्रश्न येतात. हे प्रश्न माझ्या धंद्यातले आहेत. म्हणून मी आज मेक्सिको शहराची हकिकत सांगण्याचे धाडस करीत आहे.

मेक्सिको हा देश आपल्याला अगदीच परका नाही. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे परागंदा होऊन तिकडे गेले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात त्यांनी कित्येक वर्षे अध्यापन केले, आणि दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. असो. आपल्याला जावयाचे आहे ते राजधानीत.

ही राजधानी एका तळ्यावर वसलेली आहे, आणि हे मी अलंकार म्हणून सांगत नाही. तेस्कोको नावाच्या विस्तीर्ण तळ्यातील बेटावर १३२५ च्या सुमारास आस्तेक लोकांनी तेनोच्तित्लान हे नगर वसविले. १५२१ मध्ये स्पॅनिश लोकांनी ते जिंकले, पाडले, आणि त्याच जागी आपले शहर उभे केले. पुढे तळे उपसून टाकण्यात आले. पण तळ्याच्या तळाचा गाळ जाणार कोठे? शहराचा मध्यभाग आजही त्या भिजल्या चिकणमातीवर उभा आहे आणि जमिनीखालचे पाणी उपसल्यामुळे वर्षानुवर्षे खचत आहे. मातीच्या या थराला एक खोड आहे. दूरवरून आलेला धक्का खडकावर विरून जातो, पण या गाळात तो वाढतो आणि सुमारे दोन सेकंदांच्या ठेक्याने डुलू लागतो. आपल्या घरच्या झोपाळ्याला नेमक्या वेळी एका बोटाने ढकलीत राहिले तरी तो छपराला जाऊन भिडतो. तसेच हे आहे. ज्या इमारतींचा स्वतःचा झोल त्या ठेक्याशी जुळतो, त्या हेलकावत हेलकावत मोडतात. बुटकी घरे वाचतात. १९५६ साली पुरा झालेला ४४ मजली लातिनोअमेरिकाना मनोरा हा भक्कम पायाचा आणि नीट हिशेब करून बांधलेला, तोही वाचला. मार बसला तो मुख्यतः सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींना. आणि अशा इमारतींत कोण होते? सरकारी कचेऱ्या, रुग्णालये, मध्यम आणि गरीब वर्गाच्या वसाहती, आणि तयार कपड्यांचे कारखाने.

१९ सप्टेंबर १९८५. गुरुवारचा दिवस. मिचोआकान प्रांताच्या किनाऱ्याजवळ, शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर, सुमारे ८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच्या लाटा सकाळी ७ वाजून १९ मिनिटांनी राजधानीत पोहोचल्या. सुमारे चारशे इमारती कोसळल्या, हजारो तडकल्या. हुआरेस रुग्णालयाचा बारा मजली मनोरा खाली बसला. मुख्य टेलिफोन केंद्र निकामी झाल्यामुळे शहराचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा मोठा धक्का बसला आणि अर्धवट उभे होते तेही पडले. मेले किती, याचा हिशेब आजतागायत लागलेला नाही; सरकारी आकडे पाच हजारांपासून दहा हजारांपर्यंत फिरत राहिले आणि लोक त्याहून पुष्कळ अधिक सांगतात.

सरकारचे त्या दिवशीचे वर्तन तिकडे अजूनही लोक विसरलेले नाहीत. राष्ट्राध्यक्ष मिगेल दे ला माद्रिद यांनी राष्ट्राला उद्देशून भाषण केले ते दुसऱ्या दिवशी रात्री. परदेशी मदतीची गरज नाही असे आरंभी सांगण्यात आले. सैन्य आले, पण त्याने मुख्यतः दोऱ्या बांधून पहारा ठेवला. पुढच्याच वर्षी विश्वचषकाच्या उद्घाटनाला हेच राष्ट्राध्यक्ष उभे राहिले तेव्हा भरल्या मैदानाने शिट्ट्या वाजवून त्यांचे स्वागत केले, त्याचे कारण यात आहे.

ढिगारे उपसले ते लोकांनी. विद्यार्थी, गृहिणी, कारकून, सुतार, डॉक्टर जे हाती लागेल ते घेऊन आले: पहारी, फावडी, मोटारीचा जॅक, स्वयंपाकघरातली पातेली. लांबच लांब रांगा करून बादलीमागून बादली हातोहात पुढे गेली. मध्येच कोणी गप्प बसण्याची खूण करी आणि शेकडो माणसे श्वास रोखून ढिगाऱ्याला कान लावीत. हुआरेस रुग्णालयाच्या ढिगाऱ्यातून आठवडाभराने तान्ही मुले जिवंत निघाली, हे जगाने दूरचित्रवाणीवर पाहिले. त्लातेलोल्कोच्या वसाहतीत न्युएवो लेओन नावाची लांबलचक इमारत होती. तिच्या तीन भागांपैकी दोन आडवे झाले. तेथे अंगापिंडाने लहान अशी तरुण पोरे भोकांतून आत सरपटत जाऊ लागली. लोक त्यांना ‘टोपोस’ म्हणू लागले, म्हणजे घुशीसारखी जमिनीत बिळे करणारी. पुढे १९८६ मध्ये त्यांनी रीतसर पथक स्थापन केले, आणि आज जगात कोठेही मोठा भूकंप झाला की ही माणसे स्वखुशीने जातात.

येथवरची हकिकत पुष्कळांनी लिहिली आहे, आणि बहुतेकांनी तिला एकच विशेषण लावले आहे: ‘उत्स्फूर्त’. माझा वाद या शब्दाशी आहे. तीस वर्षे सभा भरविल्या, मोर्चे काढले. आपण होऊन माणसे जमली असे मी क्वचितच पाहिले आहे. ‘उत्स्फूर्त’ हा बहुधा दुरून पाहणाऱ्याचा शब्द असतो. जवळ जाऊन पाहिले की कोणीतरी कोणाचे दार ठोठावलेले असते, आणि दार ठोठावणाऱ्याला आत कोण राहते हे आधीपासून ठाऊक असते.

मेक्सिको शहराच्या जुन्या भागात ‘वेसिंदाद’ नावाची घरे आहेत. मध्ये चौक, भोवती एकेका खोलीची बिऱ्हाडे, कपडे धुण्याची जागा समाईक, शौचकूप समाईक. आपण त्यांना चाळ म्हणू. १९४२ पासून त्यांतल्या पुष्कळ घरांची भाडी कायद्याने गोठविलेली होती. मालकाला दुरुस्ती परवडत नव्हती, निदान तसे तो म्हणत होता. आणि भाडेकरू गेला तर जागा मोकळी होते याकडे त्याचे लक्ष होते. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावयास नको. तर गेरेरो, मोरेलोस, तेपितो अशा वस्त्यांत घर रिकामे करण्याच्या नोटिशींविरुद्ध भाडेकरूंच्या संघटना भूकंपापूर्वीच उभ्या होत्या. कोणत्या खोलीत कोण राहते, कोणाची म्हातारी अंथरुणाला खिळलेली आहे, कोणता ठेकेदार चोर आहे, हे त्यांच्या वह्यांत होते. त्लातेलोल्कोचे रहिवासी तर इमारतींचा पाया आणि कल यांविषयी वर्षानुवर्षे तक्रारी करीत आले होते. त्यांच्या तक्रारी ऐकल्या गेल्या नाहीत, पण तक्रारी करता करता एक कमिटी तयार झाली होती. १९ सप्टेंबरला धूळ खाली बसण्याच्या आत कामाला लागली ती हीच माणसे.

आता याच्या उलट बाजू पाहा. शहराच्या मध्याच्या दक्षिणेस सान आंतोनियो आबाद नावाचा रस्ता आहे. त्याच्या आसपासच्या बहुमजली इमारतींत शिवणकामाचे शेकडो लहानमोठे कारखाने होते. तयार कपड्यांच्या धंद्यात मी स्वतः काम केलेले आहे, म्हणून चित्र डोळ्यांपुढे येते: वरच्या मजल्यावर यंत्रांच्या रांगा, भिंतीला टेकून कापडाचे तागे. कापडाचा तागा किती जड असतो हे खांद्यावर घेतल्याशिवाय कळत नाही, आणि ज्याने इमारतीचा नकाशा मंजूर केला त्याने तो कधी घेतलेला नसतो. पाळी सकाळी लवकर सुरू होई, तेव्हा ७ वाजून १९ मिनिटांनी पुष्कळ मुली यंत्रावर बसलेल्या होत्या. मजल्यावर मजला बसला. किती जणी गेल्या? कोणी सहाशे सांगतो, कोणी हजारावर. नेमका आकडा लागणे शक्यच नव्हते, कारण कित्येक कारखाने चोरून चालविलेले होते आणि कित्येकींची नावे कोणत्याही हजेरीपटावर नव्हती. जिची हजेरी लागत नाही, तिची मयत तरी कशी लागणार?

आणि मग जे घडले ते त्या शहरात आजही सांगितले जाते. काही मालक आले आणि त्यांनी आधी तिजोऱ्या, यंत्रे आणि माल बाहेर काढण्याची खटपट केली. ढिगाऱ्याखाली माणसे होती. वाचलेल्या बाया आणि मेलेल्यांचे नातेवाईक तेथेच फुटपाथवर तंबू ठोकून बसले. त्यांनी पहारा ठेवला तो यंत्रांवर. नुकसानभरपाई मिळेपर्यंत एकही यंत्र हलू देणार नाही, असे त्यांनी ठरविले. मी कामगार चळवळीचा पुष्कळ इतिहास वाचला आहे. पण न कोणी शिकविता, दुःखाच्या ऐन भरात, मालकाची नस इतक्या अचूकपणे धरल्याचे उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

त्या धंद्यात युनियन नव्हत्या असे नाही. कागदावरच्या युनियन होत्या. मालकाने परस्पर करार करून ठेवलेल्या, पुढारी कधी न दिसलेल्या. सभासदाला आपण सभासद आहोत हे माहीत नसणे ही काही एकट्या मेक्सिकोची खासियत नव्हे! शिवणकाम करणाऱ्या या स्त्रियांनी अशा युनियनकडे पाठ फिरवून स्वतःची संघटना उभी केली. २० ऑक्टोबर १९८५ रोजी, म्हणजे भूकंपानंतर अवघ्या महिन्याभरात, तिला सरकारदरबारी मान्यता मिळाली. तिचे नाव ‘१९ सप्टेंबर’ युनियन. पहिली सरचिटणीस एव्हान्हेलिना कोरोना; स्वतः शिवणकाम करणारी बाई, पुढे ती संसदेतही निवडून गेली. या युनियनचा पुढचा इतिहास काही सुखाचा नाही. कारखाने बंद पडले, हलले, मालकांनी सभासदांना दाराबाहेर ठेवले, आणि युनियन हळूहळू क्षीण झाली. तरी हा फरक मनात ठेवण्यासारखा आहे की भाडेकरूंची संघटना भूकंपाच्या आधी होती, आणि शिलाई कामगारांना ती ढिगाऱ्यावर बसून बांधावी लागली. मधल्या अंतरात किती जीव गेले, हे मोजण्याचे साधन नाही.

भाडेकरूंचे पुढे काय झाले ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण खरी शिकवण तेथे आहे. घरे पडली तेव्हा मालकांना आणि शहराची शोभा वाढवू पाहणाऱ्यांना वाटले की आयतीच जागा मोकळी झाली. या लोकांना शहराच्या कडेला नेऊन टाकावे. लोक हलले नाहीत. आपापल्या पडक्या चाळीसमोर, रस्त्यातच, पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या झोपड्या घालून राहिले. २७ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानावर मोर्चा गेला. ११ ऑक्टोबरला सरकारने सुमारे साडेपाच हजार मालमत्ता ताब्यात घेण्याचा हुकूम काढला. तो घाईत निघाला होता; यादीत चुका होत्या, म्हणून पुढे ती कमी करून सुमारे ४,३०० वर आणावी लागली. २४ ऑक्टोबरला निरनिराळ्या वस्त्यांच्या संघटनांनी मिळून भूकंपग्रस्तांची एकच समन्वय समिती स्थापन केली. समितीने सरकारचा पिच्छा सोडला नाही, आणि १३ मे १९८६ रोजी करार झाला. त्या योजनेतून सुमारे पंचेचाळीस हजार बिऱ्हाडांची घरे दोन वर्षांच्या आत बांधून किंवा दुरुस्त होऊन तयार झाली. चाळीस चौरस मीटरचे घर, स्वतंत्र मोरी, स्वतंत्र स्वयंपाकघर, आणि बहुतेक ठिकाणी जुन्या चौकातच. कालचा भाडेकरू हप्ते फेडून मालक झाला.

जुन्याच जागी, हा मुद्दा लहान नाही. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे झोपेतच गेली. त्यानंतर पन्नासाहून अधिक गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे पक्की झाली, यात शंका नाही; पण रुंद रस्ते आणि सरळ आळ्या यांत शेजार विस्कटला, शेत लांब पडले, ही तक्रार लोक पुढे कित्येक वर्षे करीत राहिले. लातूर-धाराशिवकडच्या प्रश्नाचे स्वरूप निराळे होते आणि दोन्हींची बरोबरी करणे योग्य होणार नाही. पण जो शेजार ढिगाऱ्यातून माणूस बाहेर काढतो, तोच पुनर्वसनाच्या नकाशात प्रथम पुसला जातो, एवढे मी पाहिले आहे.

मेक्सिकोच्या सरकारनेही धडा घेतला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. बांधकामाचे नियम लगेच कडक केले आणि १९८७ मध्ये नवी नियमावली आणली. मे १९८६ मध्ये राष्ट्रीय नागरी संरक्षण व्यवस्था स्थापन झाली. मग आला भोंगा. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून ऐकू येतो, त्यातलाच हा प्रकार. पॅसिफिक किनाऱ्यावर यंत्रे बसविली. तेथे जमीन हलली की बिनतारी संदेश क्षणात राजधानीत येतो, आणि भूकंपाची लाट बिचारी मागून चालत येते. मध्ये साधारण मिनिटभराचा अवधी मिळतो. १९९३ पासून ही सूचना सर्वसाधारण लोकांसाठी सुरू झाली. कारखाना, शाळा, कचेरी येथे रहिवाशांचीच किंवा कामगारांचीच पथके नेमावयाची, जिने मोकळे ठेवावयाचे, आणि १९ सप्टेंबरला साऱ्या शहराने कवायत करावयाची, असा परिपाठ पडला.

१९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी ११ वाजता अशीच कवायत झाली. लोक हसतखिदळत खाली उतरले, वर गेले. दुपारी १ वाजून १४ मिनिटांनी खरा भूकंप झाला! तीव्रता ७.१, पण या खेपेस तो किनाऱ्यावर झाला नाही, शहरापासून सुमारे १२० किलोमीटरवर झाला. म्हणून भोंगा आणि हादरा जवळजवळ एकदमच आले. मिनिट मिळालेच नाही. राजधानीत ३८ इमारती पडल्या आणि २२८ माणसे मेली. दोन्ही भूकंपांची जात निराळी, तेव्हा आकड्यांची तुलना करून टाळ्या घेण्याचे कारण नाही. पण पडलेल्या इमारतींपैकी बहुतेक १९८५ पूर्वीच्या होत्या, म्हणजे नवे नियम त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. एका खासगी शाळेत १९ मुले आणि ७ मोठी माणसे गेली. शाळेच्या इमारतीवर मालकिणीने स्वतःच्या राहण्याचे मजले चढविले होते. तिला पुढे शिक्षा झाली. कवायत त्या शाळेतही झाली असेल. छपरावरचे वजन कवायतीने कमी होत नाही.

आणि ओब्रेरा नावाच्या वस्तीत, बोलिव्हार आणि चिमाल्पोपोका या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, एक इमारत पडली. ओब्रेरा म्हणजे कामगार. इमारतीत तयार कपड्यांचे काम चाले. सान आंतोनियो आबाद तेथून चालत जाण्याइतके जवळ. पुन्हा आत किती बाया होत्या हे कोणाला सांगता येईना, पुन्हा हजेरीपटाचा वाद निघाला. यंत्रे आणून ढिगारा लवकर उचलावा असा अधिकाऱ्यांचा आग्रह होता. स्त्रियांच्या पथकांनी आडवे उभे राहून सांगितले की आत कोणी राहिले नाही याची खात्री आधी करा. त्यांच्यातल्या पुष्कळजणी १९८५ मध्ये जन्मलेल्याही नव्हत्या.

या खेपेस मूठ वर केली की सारा रस्ता गप्प होई. ती खूण शहराला आता शिकवावी लागत नव्हती. उलट मदतीला येणाऱ्यांची इतकी गर्दी झाली की एकीकडे पाण्याच्या बाटल्यांचे डोंगर आणि दुसरीकडे हातमोज्यांची टंचाई. तेव्हा काही तरुणांनी सायकलींवरून फिरून आणि मोबाईलवरून विचारपूस करून कोठे काय हवे आहे याची खात्रीची यादी तासातासाला प्रसिद्ध केली. मला हे काम ढिगारा उपसण्याइतकेच मोलाचे वाटते. आमच्या धंद्यात त्याला नोंदवही ठेवणे म्हणतात, आणि ते कोणालाही आवडत नाही.

मी माझ्या शहरात कारखान्यांच्या गाळ्यांतून फिरतो तेव्हा अलीकडे तीन गोष्टी विचारतो. आत या क्षणी किती माणसे आहेत, नावानिशी? जिन्याची किल्ली कोणाकडे आहे? आणि जमीन हलली तर मुकादमाला न विचारता यंत्र सोडून खाली उतरण्याचा अधिकार कामगाराला आहे काय? पहिल्याचे उत्तर बहुधा अंदाजाने मिळते. दुसऱ्याचे, ‘शेठ आत्ता बाहेर गेलेत.’ तिसरा प्रश्न ऐकून लोक हसतात. मी तो मागणीपत्रकात घालू लागलो आहे. वेतनवाढीच्या खाली, बोनसच्या वर. वाटाघाटीत तो सर्वांत आधी गळतो, कारण त्यावर पैसे खर्च होत नाहीत आणि म्हणून मालकाला तो अधिकच संशयास्पद वाटतो. पुढच्या करारात तो पुन्हा येतो.

मेक्सिको शहरात दर १९ सप्टेंबरला सकाळी ७ वाजून १९ मिनिटांनी मोठ्या चौकातला राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवितात. राष्ट्राध्यक्ष असतात, सैन्य असते, बिगुल असतो. सान आंतोनियो आबादच्या रस्त्यावर शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया आपली फुले घेऊन निराळ्या जमतात. मग दिवसा कधीतरी भोंगा वाजतो, आणि सारे शहर जिन्यांवरून खाली उतरू लागते.